नबीरंगांची भैरवी

१

माझं नाव धर्मेंद्र. वडील टॉकीजमधून थेट बारशाला आले आणि हे नाव ठेवून मोकळे झाले. त्यामुळे मी शास्त्रीय संगीताचा शौकीन आहे असं सांगितलं, की अमरावतीत लोक आधी माझ्या दंडाकडे बघतात आणि मग हसतात. हसू देत. यमन आणि यमन कल्याण यांतला फरक विचारला की हेच लोक पानाच्या ठेल्याकडे सटकतात.

आमचा धंदा फुलांचा. पहाटे बाजारात झेंडू-शेवंती घ्यायची, दुकानात हार करायचे आणि दुपारी शटर ओढायचं. ती वर्षं अशी होती, की आमच्या भागात मोठी माणसं सारखी पाहणीला यायची, पॅकेज जाहीर करायची, आणि प्रत्येकाला हार लागायचा. ज्या गावांची पाहणी व्हायची तिथूनही माणसं मयताचा हार न्यायला यायची. ती काही बोलायची नाहीत, भावही करायची नाहीत. मी दोन्ही हार एकाच दोऱ्याने बांधायचो. दुपारी घरी येऊन गाणं ऐकलं नसतं, तर ते दिवस मला निघाले नसते.

आणि मी नुसता ऐकणारा नव्हतो. गाणारे सगळ्यांना ठाऊक असतात, पण ते ज्या बंदिशी गातात त्या बांधणाऱ्यांना कोणी विचारत नाही. अशा विसरलेल्या बंदिशकारांच्या जुन्या स्पूल, कॅसेट मी गोळा करायचो, संगणकावर उतरवायचो आणि इंटरनेटवर माझ्या ब्लॉगवर टाकायचो. ज्याला हवं त्याने उतरवून घ्यावं, फुकट. अर्थात भारनियमनातून वीज उरली तर. माझी बायको मंजुषा म्हणायची, "लाइन आली का तुमचे म्हातारे उठून बसतात."

नबी मास्तर हे माझ्या सगळ्या संग्रहाचं मानाचं पान. अकोल्याच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. बंदिशी बांधायचे आणि शेवटच्या ओळीत 'नबीरंग' असं नाव गुंफायचे. जन्मात त्यांची मैफल म्हणावी अशी एकच झाली. देवराव नावाच्या एका वकिलांच्या घरी, रविवारी दुपारी. वकिलांकडे स्पूलचं यंत्र होतं, म्हणून ती एवढी तरी राहिली. मागे तंबोऱ्यावर मास्तरांची मुलगी अकीला बसली होती, परकरातली पोर. त्या अकीला-आपांनीच आता, साठीला टेकल्यावर, ती स्पूल ओढणीत गुंडाळून माझ्या हातात दिली.

"अब्बाले कोनी आयकलंच नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी आयकवता म्हनते लोकाईले. आयकवा."

२

स्पूल चांगली होती. मुलतानी, पटदीप, भीमपलासी, आणि एक राग मला ओळखता आला नाही. सगळ्या बंदिशी नबीरंगांच्या स्वतःच्या. मला इतका आनंद झाला, की मी उठून दोनदा पाणी प्यायलो. अशी मुलतानी मी तोवर ऐकली नव्हती आणि सांगायला वाईट वाटतं, पुढेही ऐकणार नव्हतो.

शेवटी भैरवी होती. मैफल दुपारची असो की रात्रीची, ती भैरवीने संपते. भैरवी झाली की तंबोरा खाली ठेवतात, लोक उठतात, त्यानंतर कोणी गात नाही. ही रीत गाणं न कळणाऱ्यालाही माहीत असते. पण ही भैरवी मास्तरांची नव्हती. जुनी, पारंपरिक, सगळ्यांनी गाऊन गाऊन गुळगुळीत झालेली. दोन ओळी ऐकल्या आणि ओळखली. शिवाय तिथे फीत चुरगळली होती, यंत्रात अडकत होती. मी कात्रीने तेवढा तुकडा कापला.

माझ्यासारखे लोक असंच करतात. आम्हाला दुर्मिळ तेवढंच हवं असतं. जे सगळ्यांकडे आहे ते आमच्या खिजगणतीत नसतं.

फाइल टाकली, एक सीडी कोरून आपांना पाठवली, आणि आठवड्याभरात माझ्या ब्लॉगवर कधी नव्हे एवढी गर्दी झाली. कराचीहून, लंडनहून, कुठून कुठून लोकांनी लिहिलं. मी प्रत्येक ओळ मंजुषाला वाचून दाखवायचो आणि ती भाजी निवडता निवडता मान हलवायची. टोरांटोच्या एका सद्गृहस्थांनी मात्र विचारलं, गाणं संपल्यावर नुसता तंबोरा एवढा लांब का ठेवला आहे?

मी ठेवला नव्हता. शेवटच्या बंदिशीची सम आली, लोकांनी वाहवा केली, तिथेच मी कापलं होतं. पुन्हा लावून पाहिलं. सम आली, वाहवा झाली, आणि तंबोरा चालू राहिला. कोणी गात नव्हतं. खोलीत माणसं बसली आहेत हे कळत होतं. कोणी पाय बदलला, कोणी घसा साफ केला. सगळी कशाची तरी वाट बघत होती.

कापण्यात चूक झाली असेल, असं मी ठरवलं. पुन्हा नीट कापलं आणि पुन्हा टाकलं.

३

नगमाचा फोन आला तो त्यानंतर. नगमा ही आपांची भाची. त्यांच्याजवळच राहते आणि गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेते.

"भाऊ, आपाचा हात हलून राह्यला. आपोआप. डॉक्टर म्हनते वयामुळं होते. पन तुमी एकदा येऊन पाहा न."

"मी पाहून काय करू? मी तर फुलवाला."

"आपा म्हनते, धर्मेंद्रभाऊले समजंल."

बडनेऱ्याहून पॅसेंजर पकडली आणि दुपारी अकोल्यात उतरलो. आपा खिडकीशी बसल्या होत्या. त्या दुपट्ट्यांवर भरतकाम करतात, हातात कला आहे, त्यावरच घर चालतं. मांडीवर अर्धवट भरलेला दुपट्टा होता आणि सुई त्यात तशीच टोचून ठेवली होती. उजवा हात कोपरात वाकून खांद्याच्या उंचीवर आला होता आणि बोटं हवेत हलत होती.

म्हातारपणाचा कंप मी पाहिलेला आहे. माझ्या वडिलांना होता. तो असा नसतो. आधी मधलं बोट, एकदा. मग तर्जनी, तीनदा. थोडी उसंत, आणि पुन्हा मधलं बोट. मी समोर बसून बोटांचे ठोके मोजत राहिलो. माझ्या अंगावर काटा आला आणि तो आपांना दिसू नये म्हणून मी बाही खाली ओढली.

"समजलं न?" आपा म्हणाल्या. चेहऱ्यावर भीती नव्हती. "तंबोरा हाय तो."

"आपा, मनात बसलेली गोष्ट हाताला—"

"कोनीतरी अब्बाले आयकून राह्यलं, भाऊ. आयकनं सुरू झालं का माहा हात उठते. बंद झालं का खाली येते. सकाळी उठला होता, दुपारी उठला. मले समजते." आणि त्या हसल्या, लाजल्यासारख्या. "साऱ्या अकोल्यात एक मानूस नोता आयकत त्याईले. आता पाहा."

मग त्यांनी सहज विचारलं, "सीडीत भैरवी नाई दिसली?"

मी म्हटलं, फीत खराब झाली होती. अर्धं खरं होतं.

४

मी अडाणी नाही. घरी आल्यावर पडताळा घ्यायचं ठरवलं. नगमाला फोन लावून ठेवला आणि काही न सांगता इकडे फाइल सुरू केली.

"हात उठला," नगमा म्हणाली.

बंद केली. "उतरला."

पुन्हा केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझीच हिंमत होईना. मी संगणकापासून खुर्ची लांब ओढून बसलो. कुलर घरघरत होता. मंजुषा आत कणीक मळत होती.

"भाऊ," फोनवर नगमा म्हणाली, "पुन्हा काहून सुरू केलं?"

मी काहीच सुरू केलं नव्हतं.

त्याच दुपारी मी फाइल ब्लॉगवरून काढून टाकली. तोवर ती पन्नास ठिकाणी गेली होती. एकाने दुसऱ्याला दिली, दुसऱ्याने आपल्या ब्लॉगवर टाकली, 'दुर्मिळ, जरूर ऐका' असं वर लिहून. मी सगळ्यांना पत्रं पाठवली. दोघांनी उत्तर दिलं की कला कोणाच्या मालकीची नसते. हे वाक्य मीच एकदा ब्लॉगवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

मी काढून टाकल्याचं कळलं तेव्हा आपा माझ्यावर इतक्या चिडल्या, की फोन नगमाच्या हातातून ओढून घेतला.

"तुमाले कोनी सांगतलं होतं काढाले? हात माहा हाय! दुखंल तं माहा दुखंल!"

मी परत टाकली. करणार काय?

५

महिनाभरात आपांचा हात खाली यायचाच बंद झाला. जगात कुठे ना कुठे दिवस असतोच आणि कोणीतरी ऐकत असतोच. सुई सुटली. घास नगमा भरवायची. मधल्या बोटाचं टोक सोललं होतं, हवेत हलवून माणसाचं बोट सोलतं तरी कसं, हे डॉक्टरांनी विचारलं आणि मलम लिहून दिलं. झोप तर उरलीच नव्हती. नगमा एकदा माझ्याशी बोलता बोलता रडली. "आपा संपून राह्यली, भाऊ. तुमी कायी करा."

एवढं मला कळत होतं, की ही मैफल मी मधेच तोडली होती. भैरवी न होता. उठायचं कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणून कोणी उठत नव्हतं. हे विचारात आलं की मी स्वतःला हसायचो आणि हसून झाल्यावर तो विचार तिथेच असायचा.

भैरवीचा तो तुकडा मी फेकला नव्हता. माझा मोठा भाऊ देवीदास तिवशाकडे शेवंती आणि पालेभाजी लावतो. पाखरं येऊ नयेत म्हणून आमच्याकडे वाफ्यांवर जुन्या कॅसेटच्या फिती ताणून बांधतात. वाऱ्याने त्या थरथरतात, घूं घूं करतात, पाखरं बिचकतात. मी कापलेल्या फिती दादाला देतो, तशी ही पण दिली होती.

शेतावर गेलो. दादाने काठीने दाखवली. "ते पाह्य. दोन खुंट्याईच्या मधात."

फीत होती. उन्हाने तिच्यावरचा तपकिरी थर झडून गेला होता आणि आरपार दिसत होतं. मी ती बोटांवर गुंडाळू लागलो तशी तिचे काचेसारखे तुकडे पडले.

"त्याच्यात काय होतं?" दादाने विचारलं.

"कायी नाई. साधी भैरवी."

"मंग रडून काहून राह्यला, धरम्या?"

६

त्या सुमारास लोकांची पत्रं बदलली. आवाज पहिल्यासारखा नाही, घोगरा लागतो, असं टोरांटोवाल्याने लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, मुलतानीत तार सप्तकात गळा फाटतो, पूर्वी फाटत नव्हता. मी म्हटलं, नकला करून करून फाइल बिघडली असेल. मग अगदी पहिल्या दिवशी कोरलेली सीडी कपाटातून काढली. तिच्यातही मास्तर घोगरे झाले होते. उन्हाळ्यात सीड्या बिघडतात, असं कुठेतरी वाचलं होतं. ते मी बराच वेळ आठवत बसलो.

सीडी घेऊन अकोल्याला गेलो. आपांना सगळं ऐकवणं माझं काम होतं असं वाटलं. नगमाने तिचा छोटा सीडी प्लेअर पलंगावर ठेवला. आपांचा हात उठलेलाच होता. बंदिशी झाल्या. शेवटची सम आली, वाहवा झाली, आणि तंबोरा चालू राहिला. तो जितका लांब मी ऐकला होता, त्याच्याही पुढे गेला.

मग अगदी हळू, माइकपासून तोंड वळवून बोलावं तसा, थकलेला आवाज आला. "बेटा, पानी है क्या?"

पाठोपाठ चारपाच जणांचा आवाज. "मास्तर, एक और! मुलतानी फिर से!"

एक खोकला. आणि मास्तरांनी मुलतानी पुन्हा सुरू केली, त्या फाटलेल्या गळ्याने.

मी प्लेअर बंद करायला हात पुढे केला, पण आपांनी डाव्या हाताने तो धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"पानी मांगून राह्यले," त्या म्हणाल्या. "अन् मी समजली का खुश असतीन. मले वाटलं, माहाच हात दुखते."

"आपा, भैरवी गेली. फीत राहिली नाही."

"भैरवी मले येते. अब्बानंच शिकवली. निकाहाच्या बादमधी गाली नाई कधी, पन येते." त्यांनी ओढणीच्या टोकाने डोळे पुसले. "भैरवी झाल्यावर काय होते, मालूम हाय न तुमाले?"

"लोक घरी जातात."

"हां. मंग कोनी आयकत नाई." त्या क्षणभर हलणाऱ्या हाताकडे बघत राहिल्या. "जाऊ द्या. त्याईले उठू द्या आता."

खरं सांगतो, माझ्या तोंडाशी आलं होतं, की आपा, थोडे दिवस थांबू. ती मुलतानी माझ्याने सोडवत नव्हती. मी ओठ मिटून घेतले.

७

नगमाने पोरांना घरी पाठवलं आणि सीडी पुन्हा लावली. बंदिशी झाल्या, नुसता तंबोरा उरला आणि आपांनी त्यावर सा लावला. म्हातारा, जाड, न वापरलेला आवाज. एकदोनदा ढळला आणि मग बसला. तीच भैरवी होती. सगळ्यांनी गाऊन गुळगुळीत केलेली. मी ती हजारदा ऐकली असेल. त्या दुपारी मला ती पहिल्यांदा ऐकू आली, आणि ती कापताना मी दोन ओळींच्या पुढे ऐकायलाही थांबलो नव्हतो, याची मला लाज वाटली.

मधेच वीज गेली. पंखा मंदावत थांबला. तंबोरा थांबला नाही. प्लेअरमध्ये सेल असतील असं मी मनाशी म्हटलं. नंतर ते उघडून मी पाहिलं नाही.

शेवटची ओळ दोनदा घेऊन आपांनी सोडली. त्यांचं मधलं बोट एकदा हललं. तर्जनी एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा अगदी सावकाश. आणि हात खाली आला. त्यांनी तो डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

खोलीत इतकं शांत झालं, की बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली ते ऐकू आलं. मग ओसरीवर गलबला झाला. मैफल सुटल्यावर दाराशी होतो तोच. पायाने चपला चाचपणं, एखादी ओढणं, एकमेकांना वाट देणं. बोलणं नव्हतं, नुसत्या चपला. नगमाने माझा हात घट्ट धरला. दाराचा पडदा आत फुगला आणि परत जाऊन चौकटीला चिकटला. पडद्याच्या खालच्या फटीतून मला क्षणभर एक म्हातारा पाय दिसला. टाच भेगाळलेली. तो पाय चपलेत सरकत होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

नंतर मी पडदा सारला तेव्हा ओसरी रिकामी होती. माझ्या आणि नगमाच्या अशा दोनच जोड्या मी दाराशी लावून ठेवल्या होत्या. त्या चहूकडे सरकल्या होत्या. माझी एक चप्पल पायरीखाली पडली होती.

मागे वळून पाहिलं तर आपा बसल्या जागी झोपल्या होत्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

८

घरी येऊन फाइल उघडली. ती होती तेवढ्याच लांबीची होती, पण तिच्यात काही नव्हतं. खरखर नाही, तंबोरा नाही. सीडी रिकामी. मूळ स्पूल लावली, ती गोल गोल फिरत राहिली आणि स्पीकरमधून फक्त यंत्राचा गुणगुणाट आला. दोनच दिवसांत पत्रं यायला लागली. कराचीवाल्याची फाइल गेली होती, लंडनवाल्याची गेली होती. टोरांटोवाले सद्गृहस्थ फार रागावले होते. तुम्ही हे काय केलंत, दुसरी प्रत असेल तर पाठवा, काहीही करा, असं त्यांनी लिहिलं होतं. मैफल संपली, एवढंच मी सगळ्यांना कळवलं.

मी दुकानात हार बांधता बांधता मुलतानीचा मुखडा आठवायला बघायचो. शंभरदा ऐकलेला. सुरुवात जिभेवर यायची आणि तिथेच विरघळायची. त्या ओळखता न आलेल्या रागाचं तर नुसतं असणं लक्षात आहे.

पावसाळ्यानंतर अकोल्याला गेलो. आपांचं बोट भरून आलं होतं. दुपट्टा भरत बसल्या होत्या, नगमाला टाक्यांवरून बोलत होत्या. तब्येत सुधारलेली दिसत होती. मी इकडचं तिकडचं बोललो, चहा घेतला आणि शेवटी विचारलंच.

"आपा, तुम्ही तिथे होतात. एखादी बंदिश आठवत असेल. अर्धी का होईना."

त्यांनी सुई थांबवली. डोळे मिटून बराच वेळ मनात शोधलं, हे त्यांच्या ओठांवरून कळत होतं.

"नाई, भाऊ. अब्बा संगं घेऊन गेले." त्यांनी पुन्हा सुई उचलली. "पन आयकलं न लोकाईनं? थोडे दिवस का होईना, साऱ्या दुनियेनं आयकलं माह्या बापाले."

मी हो म्हटलं. खरंच होतं ते. फक्त काय ऐकलं, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.